आईच्या दाढेसाठी कुणाचं हाड?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दाढा काढलेल्या जागी कृत्रिम दाढ बसवण्याआधी आईच्या वरच्या जबड्यात हाड भरावं लागणार, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर परवा फोनवर आई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "माझ्या जबड्यात दुसऱ्या कुणाचं हाड कशाला?" आणि मी "डॉक्टर सांगतील तसं कर" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. आई, तुझा प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मी द्यायला हवं होतं.

वरच्या दाढांच्या मुळांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, नुसती हवेची. दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं आणि वरून ही पोकळीही खाली पसरते. तुझ्या दाढा काढून ९ वर्षं झाली. स्कॅनमध्ये आता जेमतेम ३ मिलिमीटर हाड दिसतंय, आणि वरच्या जबड्याचं मागचं हाड मुळातच भुसभुशीत. ८-१० मिलिमीटरचा इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाढेसाठी हाडात बसवायचा स्क्रू, त्यात धरणार कसा? म्हणून सायनसचा पडदा अलगद वर उचलायचा आणि खालच्या मोकळ्या जागेत ग्राफ्ट, म्हणजे हाड किंवा हाडासारखे दाणे, भरायचं. तो पडदा सहसा १ मिलिमीटरहूनही पातळ असतो, म्हणून सगळं कसब तिथे लागतं. बॉइन आणि जेम्स यांनी या शस्त्रक्रियेबद्दल १९८० मध्येच लिहिलं होतं, त्यामुळे तुझ्यावर कुणी नवा प्रयोग करतंय असं मनात आणू नकोस.

आता ते 'दुसऱ्याचं हाड'. तुझंच हाड वापरता येतं, हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून काढून. त्यात जिवंत पेशी असतात, हा त्याचा मोठा गुण. पण त्यासाठी आणखी एक जखम होणार, हाड मिळणार थोडंच, आणि त्यातलंही काही कालांतराने विरघळणार. दुसरा पर्याय दात्याचं, म्हणजे माणसाचंच, प्रक्रिया केलेलं हाड. तिसरं गाई-बैलांच्या हाडापासून केलेलं. त्यातला सेंद्रिय भाग काढून टाकतात, फक्त खनिजाचे दाणे उरतात. ते फार सावकाश विरघळतात, त्यामुळे भरलेली उंची टिकून राहते. कितीतरी वर्षांनीही ते दाणे तिथे सापडतात. आणि चौथं पूर्ण कृत्रिम: हायड्रॉक्सीअपॅटाइट, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, दोन्ही कॅल्शियमचीच संयुगं. यातलं बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत विरघळत जातं आणि त्याची जागा तुझं हाड घेतं.

मला स्वतःला सगळ्यात दिलासा वाटला तो एका गोष्टीचा. बाहेरून आणलेले हे दाणे जिवंत नसतात, ते नुसती परांची असतात. तिच्या आधाराने तुझ्याच रक्तवाहिन्या आणि तुझ्याच पेशी आत शिरतात, आणि नवं हाड तुझं शरीरच बांधतं. इम्प्लांट टिकण्याच्या दृष्टीने या प्रकारांत फार मोठा फरक आढळलेला नाही. म्हणून प्राण्याचं नको, कृत्रिमच हवं असं तुला वाटत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. सामान कशापासून बनलंय हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. संकोच करू नकोस.

बाबा, इम्प्लांट त्याच दिवशी बसवून मोकळं व्हावं असं तुम्हाला वाटतं, मला कळतं. पण इतक्या कमी हाडात बहुधा आधी ग्राफ्ट भरतात, सहा महिने किंवा त्याहून जास्त थांबतात, मगच इम्प्लांट. कृपा करून डॉक्टरांच्या मागे लागू नका. नंतरचे दोन-तीन आठवडे आई नाक शिंकरत नाही ना, एवढं मात्र बघा. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. नाकात दाब वाढला की पडदा फाटू शकतो, दाणे सरकू शकतात.

आणि आई, एका गोष्टीने मात्र माझी झोप उडाली. बाबा म्हणाले, फॉर्मवर 'चालू औषधे' पुढे तू नुसती रेघ ओढलीस. हाडांच्या ठिसूळपणासाठी दर आठवड्याला घेतेस ती गोळी हे औषधच आहे गं! त्या जातीच्या गोळ्यांमुळे जबड्यातल्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित हाड भरून येत नाही. प्रमाण कमी आहे, पण किती वर्षं घेतेस आणि सोबत आणखी काय चालू आहे यावर ते बदलतं. हे डॉक्टरांना आधी कळलंच पाहिजे. आणि माझं पत्र वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

मंगळवारी जाताना गोळीचं पाकीट आठवणीने पर्समध्ये टाक. डॉक्टरांसमोर बसलात की मला फोन लावा, मी वाट बघत असेन.

तुमची,
लेक