आमच्या अण्णांना दर वर्षी 'हयात' ठरवणाऱ्या माणसास

दादा,

तुम्ही माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. पण सोलापुरात काउंटरपलीकडच्या माणसाला दादाच म्हणायचं असतं, आणि गेली तीन वर्षं मी तेच म्हणत आलो. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. 'येथे सर्व ऑनलाइन कामे होतील' असा फ्लेक्स लावलेली दुकानं पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत. ज्याला ओळखायचं तो बरोबर ओळखेल.

फेब्रुवारीत आमचे वडील, अण्णा, गेले. तेराव्याला तुम्ही आलात, मांडवाच्या टोकाला उभे राहिलात आणि पानं मांडायच्या आत निघून गेलात. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहितोय.

सुरुवात २०२२ च्या उन्हाळ्यातली. फौजेच्या पेन्शनी तेव्हा 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन यंत्रणेवर चालल्या होत्या आणि एका महिन्यात अण्णांच्या खात्यात काहीच आलं नाही. चौकशी केली तर 'हयातीचा दाखला नाही' एवढंच उत्तर. अण्णा इस्त्रीच्या शर्टात समोर उभे. "मग मी कोण?" असं विचारून ते बाहेर आले. हा विनोद बहुतेक पेन्शनरांच्या घरात एकदा तरी होऊन गेलेला असतो, म्हणून वाढवत नाही.

खरी अडचण बोटांच्या ठशांची होती. दोन ठिकाणी फिरलो, अंगठा काही लागेना. एका ठिकाणचा पोरगा तर म्हणाला, "आजोबांचा अंगठा संपलाय." तिसरं दुकान तुमचं.

तुम्ही आधी त्यांना पंख्याखाली बसवलंत. शेजारच्या टपरीवरून चहाच्या ग्लासात गरम पाणी आणलंत, त्यात त्यांची बोटं बुडवलीत, स्वतःच्या रुमालानं एकेक पुसलंत आणि मग त्या डबीएवढ्या मशिनवर टेकवलीत. उजवा अंगठा, लाल दिवा. तर्जनी, लाल. मधलं, लाल. मधेच तुम्ही सहज विचारलंत, "मेजर, कुठल्या पलटणीतले तुम्ही?"

(अण्णा हवालदार होते. पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. अण्णांनी पहिली दहा वर्षं लोकांना दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं.)

"बॉम्बे सॅपर्स. खडकी," अण्णा म्हणाले. सॅपर म्हणजे फौजेतला इंजिनिअर दलाचा जवान. पुढची चाळीस मिनिटं मशिन त्यांना ओळखत नव्हतं आणि ते बोलत होते. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, त्यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकत होतो.

खडकीला रंगरुटांना राणे साहेबांची गोष्ट सांगायचे, ती त्यांनी तुम्हाला सांगितली. एप्रिल १९४८, काश्मीरची लढाई, नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट, तीत पेरलेले सुरुंग. रामा राघोबा राणे रणगाड्याच्या खाली रांगत, दोरीच्या इशाऱ्यानं वरच्या ड्रायव्हरला वाट दाखवत पुढे गेले. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेला सॅपर. अण्णा ती गोष्ट सांगताना तुमच्या टेबलावर स्टेपलरचा रणगाडा करून सरकवत होते आणि तुम्ही त्यांचं चौथं बोट पुसत होता.

मग स्वतःचं. शाळेच्या पुस्तकात १९७१ ची लढाई डिसेंबरात संपते. १७ तारखेला पश्चिमेकडचा गोळीबार थांबला. सॅपरचं काम तिथून सुरू झालं. शकरगडच्या बाजूला आपणच पेरलेले सुरुंग आता काढायचे होते. नकाशा होता, पण पाऊस झालेला, माती हललेली. हातात प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई. ती जमिनीत उभी खुपसायची नाही. तिरकी, तीसेक अंशात, हळूहळू सारायची, म्हणजे ती सुरुंगाच्या डोक्यावर न लागता कुशीला लागते. लागली की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची. शेजारच्या ओळीतल्या जोडीदाराचा पाय गेला. त्याचं नाव, गाव, त्याला पोरं किती होती, सगळं अण्णांनी तुम्हाला सांगितलं. आमच्या घरात त्या माणसाचा उल्लेख कधी झाला नव्हता. पश्चिमी स्टारचं मेडल बिस्किटाच्या डब्यात सुयादोऱ्यांबरोबर पडलेलं असायचं, तेवढीच आमच्या घरातली लढाई.

डाव्या हाताची अनामिका टेकवली आणि हिरवा दिवा लागला. तुम्ही पिवळ्या चिठ्ठीवर 'मेजर काका – डावी अनामिका' लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंत. पैसे विचारले तर पावतीवर छापलेले तेवढेच घेतलेत.

त्यानंतर नोव्हेंबर आला की अण्णा आठ दिवस आधी दाढीमिशी नीट करून तयार. रिक्षा नको म्हणायचे. कन्ना चौकातनं चालत तुमच्याकडे. हिरवा दिवा लवकर लागला तर हिरमुसायचे, हे तुमच्याही लक्षात आलं होतं. दुसऱ्या वर्षी तुम्ही चिठ्ठी डोळ्यांसमोर असूनही उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केलीत. मी पाहिलं होतं, दादा. बोललो नाही.

आता वयाच्या ऐंशीची गोष्ट. १९६२ साली चीनची लढाई झाल्यावर भरती जोरात होती. अण्णा सोळाचे. अठरा पूर्ण म्हणून सांगितलं आणि घेतले. आजी म्हणायची, पोरगं स्वातंत्र्याच्या आदल्या पावसाळ्यातलं. कागदावर पडलं १ जून १९४४. त्या हिशेबानं २०२४ च्या जूनमध्ये अण्णा ऐंशीचे झाले आणि ऐंशीला मिळणारी पेन्शनीतली २० टक्के वाढ लागू झाली. ते तुम्हीच स्लिप बघून दाखवलंत. घरी आनंद, आणि अण्णा मात्र गप्प. दोन दिवसांनी एकटेच तुमच्याकडे गेले. हे पैसे थांबवता येतील का, मी अजून अठ्ठ्याहत्तरचा आहे, म्हणाले. बासष्ट सालचं खोटं त्यांना चोवीस साली टोचायला लागलं होतं.

तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. "काका, त्या खोट्यापायी तुम्ही दोन वर्षं आधी बॉर्डरवर गेलात. ती दोन वर्षं कुणी धरली का? फिटलं." हे 'फिटलं' त्यांना फार आवडलं. पुढं भाजीत मीठ जास्त झालं तरी ते 'फिटलं' म्हणायला लागले.

वाढीव रक्कम ते दर महिन्याला वेगळी काढून आईच्या हातात द्यायचे. त्याला कारण आहे. अण्णा सीमेवर, मनीऑर्डर उशिरा, त्या वर्षांत आईनं शेजारच्या बायकांबरोबर विड्या वळल्या. मांडीवर सूप, कात्री, ओल्या पानांचा वास, दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. तेलुगू ती तिथंच शिकली. म्हणून तुमच्याशी ती तेलुगूत बोलते, अण्णा फौजी हिंदीत बोलायचे आणि मी आपला मराठीत. आम्हा तिघा भावंडांपैकी एकाच्याही जन्माला अण्णा घरी नव्हते. नातवंडांच्या वेळी मात्र दवाखान्याच्या बाकावर रात्रभर ताठ बसून असायचे, जणू ड्यूटी लागलीय.

ऑक्टोबरात नळाला पाणी आलेल्या रात्री पिंप भरताना ते मोरीत घसरले. खुबा मोडला. त्या नोव्हेंबरला तुम्ही घरी आलात. आता बोटांची गरज नव्हती, मोबाइलवर चेहरा दाखवला की भागतं. फक्त डोळे मिचकवायचे. अण्णा मिचकवेनात! कॅमेरा समोर आला की ताठ मान, नजर समोर, पापणी हलायची नाही, ही चोवीस वर्षांची सवय. 'डोळे मिचकवा' अशी सूचना तीनदा आली आणि तीनदा ते परेडवर. शेवटी तुम्ही आईला त्यांच्या समोर उभं केलंत आणि तेलुगूत काहीतरी बोललात. आई हसली, अण्णांनी डोळे मिचकवले, दाखला निघाला. काय बोललात ते आई अजून सांगत नाही.

फेब्रुवारीत मी फोन केला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तुम्ही कामाचं बोललात, आणि त्या दिवशी तेच हवं होतं. मयत कळवायला उशीर करू नका, नाहीतर पुढची पेन्शन जमा होत राहील आणि नंतर परत भरावी लागेल. नोंद तुम्हीच केलीत. मला बाहेर चहा प्यायला पाठवलंत.

आईच्या पेन्शनीत अडकलं ते एका 'बाई'त. लग्नानंतर पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघते, तीत बायकोचं नाव चढतं. कुणा क्लार्कनं आईच्या नावापुढे 'बाई' जोडलं. आधारवर 'बाई' नाही. म्हणजे कागदोपत्री अण्णांना दोन बायका. कागद दोनदा परत आले. तुम्ही डिस्चार्ज बुक पानन् पान स्कॅन केलंत, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करून घेतलंत, प्रत्येक वेळी नव्यानं अर्ज भरलात. ऑगस्टमध्ये आईची पेन्शन सुरू झाली. पहिला मेसेज तिनं तुमच्या दुकानात येऊन तुम्हालाच वाचायला लावला, मी शेजारी उभा असताना.

या नोव्हेंबरात आईचा पहिला दाखला. चेहऱ्याचं ती नको म्हणते, मोबाइलसमोर ती फार हसते. बोटं तुम्ही पाहिलीच आहेत, कात्रीनं आणि पानांनी झिजलेली, अण्णांपेक्षा गुळगुळीत. तेव्हा सकाळी या, पाणी मी तापवून ठेवतो. ती धपाटे करणार आहे, शेंगाची चटणी कालच कुटलीय. आणि ती पिवळी चिठ्ठी मॉनिटरवरून काढू नका. तिच्याखाली जागा आहे, आईचं कुठलं बोट लागतं ते तिथं लिहू.

तुमचा,
मेजर काकांचा थोरला