उन्हं कलल्यावरचं गवत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कुरणाचे पट्टे पाडून तारेचं कुंपण घातलंस, गाई रोज नव्या पट्ट्यावर सोडतोस, हे वाचून खूप बरं वाटलं. पण एका ओळीपाशी मी अडलो. तू लिहितोस, "सकाळची धार झाली की लगेच नवा पट्टा उघडतो, तेव्हा गवत कसं ताजं, दवानं टवटवीत असतं." हे सगळं पत्र त्या एका ओळीसाठी आहे. मीही कित्येक वर्षं असंच करत आलो. सकाळचं गवत डोळ्यांना सुंदर दिसतं यात शंकाच नाही, पण गाईच्या पोटाच्या हिशेबानं ते दिवसभरातलं सगळ्यात रिकामं गवत असतं.

असं का होतं, ते सांगतो. ऊन पडलं की पातं साखर तयार करायला लागतं. तयार झालेली सगळी साखर त्याच वेळी खर्ची पडत नाही. उरलेली पात्यात आणि बुंध्याशी साठत जाते. सूर्य मावळला की ही कमाई थांबते, पण खर्च रात्रभर चालू राहतो: गवत श्वास घेतं, नवी पानं काढतं, मुळांना पुरवठा करतं. पहाटेपर्यंत साठा तळाला गेलेला असतो. म्हणून साखर सूर्योदयाला सगळ्यात कमी आणि उन्हं कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत सगळ्यात जास्त. थंड हवेतली गवतं हा साठा मुख्यतः फ्रुक्टान नावाच्या साखरेच्या रूपात बुंध्यापाशी करतात, उष्ण हवेतली गवतं तो पानात स्टार्चच्या रूपात ठेवतात. साठवण्याची तऱ्हा वेगळी असली, तरी रोज चढायचं आणि रोज उतरायचं हे दोघांनाही चुकत नाही.

त्यात पाण्याचा भाग वेगळाच. कोवळ्या गवतात मुळातच १०० भागांतले ८० ते ८५ भाग पाणी असतं, आणि सकाळी वरून दव. गाय घासामागून घास घेते आणि त्यातलं बरंचसं पाणीच पोटात जातं. दुपारनंतर तेच पातं थोडं सुकलेलं असतं. एका घासात जास्त चारा येतो आणि दाताखाली तो लवकर तुटतो.

आता तू म्हणशील, प्रथिनं तर सकाळच्या गवतातही असतात. असतात, आणि शेकडा प्रमाण पाहिलं तर सकाळी थोडी जास्तच भरतात, कारण संध्याकाळी साखर वाढल्यामुळे बाकी सगळ्यांचा वाटा तेवढा कमी होतो. पण खरी मेख इथेच आहे. कोवळ्या गवतातली प्रथिनं कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, भराभर फुटतात आणि त्यांचा अमोनिया होतो. तिथल्या जिवाणूंना त्याच वेळी साखर मिळाली तर ते तो अमोनिया पकडून स्वतःच्या अंगाची प्रथिनं बनवतात, आणि पुढे गाईला दुधासाठी, मांसासाठी उपयोगी पडतात ती हीच. साखर नसली तर अमोनिया रक्तात उतरतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मुताबरोबर निघून जातो. म्हणजे प्रथिनं आली आणि गेली, वर यकृताला काम लागलं ते निराळंच. हे मला समजलं त्या दिवशी मी बराच वेळ तसाच कुंपणापाशी उभा राहिलो होतो. इतकी वर्षं आपण जनावरांना चांगलं म्हणून काय देत होतो, हाच विचार मनात घोळत होता.

गाईंना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. कुरणावर मोकळी असलेली गाय दिवसाकाठी साधारण ७ ते १० तास चरते, पण सारख्या जोमानं नाही. तिची चरण्याची दोन मोठी सत्रं असतात, एक पहाटेच्या सुमाराला आणि दुसरं सूर्यास्ताच्या आधी. त्यातलं संध्याकाळचं सगळ्यात लांब आणि सगळ्यात नेटाचं. माझी ढवळी संध्याकाळी कशी चरते ते तू एकदा जवळ उभं राहून ऐकायला हवंस. सकाळी ती हुंगते, दोन पावलं पुढे जाते, निवडून खाते. संध्याकाळी मान वर करतच नाही. जीभ गवताला वेढा घालते आणि कचकन तोडते, की लगेच पुढचा घास, एका लयीत. मग रात्रभर बसून रवंथ.

अमेरिकेत फिशर, मेलँड आणि बर्न्स या संशोधकांनी १९९९ साली एक प्रयोग छापला होता. एकाच शेतातलं फेस्क्यू नावाचं थंड हवेतलं गवत त्यांनी एकदा सूर्यास्ताला आणि एकदा सूर्योदयाला कापलं, दोन्ही वाळवलं आणि गाई, मेंढ्या, शेळ्यांपुढे निवडीला ठेवलं. तिन्ही जनावरांनी सूर्यास्ताला कापलेलं पसंत केलं. फरक फक्त कापण्याच्या वेळेचा, आणि तोही वाळल्यानंतर जनावराच्या तोंडाला कळला. मात्र वैरणीसाठी संध्याकाळी कापायचं ते हवा कोरडी असेल तरच. कापलेलं पातंही पुरतं सुकेपर्यंत श्वास घेत असतं. दमट रात्री ते ओलंच पडून राहिलं तर साठवलेली साखर तिथेच जळून जाते.

तेव्हा माझं सांगणं एवढंच, की नवा पट्टा संध्याकाळच्या धारेनंतर उघड. सकाळी गाई कालच्याच पट्ट्यावर राहू देत, उरलेलं साफ करू देत. जमीन तेवढीच, गवत तेवढंच, तार सरकवायचे कष्टही तेवढेच. पहिले तीन-चार दिवस माझ्या गाई सकाळी कुंपणाशी येऊन हंबरत होत्या, कारण त्यांना सवय सकाळची. मन कठोर करावं लागलं. आठवड्याभरात त्यांनी वेळ ओळखली आणि उन्हं कलली की आपणहून येऊन उभ्या राहायला लागल्या. दूध एकदम भरभरून वाढेल अशी आशा धरू नकोस, फरक हळूहळू दिसतो. माझ्या डोळ्यांना आधी दिसलं ते हे, की नव्या पट्ट्यावरचं गवत तुडवून कमी वाया जातं आणि रात्री गाई भरल्या पोटानं निवांत बसतात.

हे सगळं उन्हाच्या दिवसांचं. दिवसभर आभाळ भरून राहिलं तर कमाईच होत नाही, त्या दिवशी सकाळ काय आणि संध्याकाळ काय, फारसा फरक पडत नाही. कडक उन्हाळ्यात गाई दुपारी सावली सोडत नाहीत, तेव्हा ऊन उतरेपर्यंत थांब आणि रात्रीही त्यांना कुरण मोकळं ठेव. दव असताना उपाशी जनावर लसूणघासात किंवा क्लोव्हरसारख्या द्विदल चाऱ्यात कधीच सोडू नकोस, तू कितीही घाईत असलास तरी. पोटफुगी किती लवकर जीव घेते हे मी एका कालवडीच्या बाबतीत पाहिलंय. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, आणि आपण नुसते बघत राहतो. शेळ्या-मेंढ्यांनाही दव सुकल्यावरच सोड, कारण जंतांच्या अळ्या त्या ओलीच्या आधारानंच पात्यावर चढतात.

आणि तुझी घोडी. तिच्यासाठी हा सगळा हिशेब उलटा आहे, हे नीट लक्षात ठेव. गाईला जी साखर हवी, तीच अंगानं सुटलेल्या घोडीला घातक. जास्त साखरेनं खुराच्या आतल्या पडद्याला सूज येते, लॅमिनायटिस म्हणतात ती, आणि मग तिला पाऊल टाकणं मुश्कील होतं. तू लिहिलंयस की ती मागच्या महिन्यापासून पुढचे पाय सावरून टाकते आणि मानेवरचा भाग घट्ट झालाय. हे वाचल्यापासून मला चैन नाही. पशुवैद्याला आजच दाखव, आणि तोवर तिला कुरणावर नेऊच नकोस. पुढे सोडायची परवानगी मिळाली तर पहाटे सोड आणि ऊन चढायच्या आत आत घे. फक्त हिवाळ्यात जपून. रात्री पारा ५ अंशांखाली गेला की गवताची वाढ थांबते, आदल्या दिवशीची साखर खर्च होत नाही, आणि पहाटेचं गवतही गोडच राहतं. दव गोठलेल्या सकाळी तिला आतच ठेव.

गाईंच्या बाबतीत माझ्या शब्दावर विसंबू नकोस, स्वतः करून बघ. चांगलं ऊन पडलेल्या दिवशी मावळतीला एका पट्ट्यातलं दोन कवळे गवत काप. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच्याच शेजारचं, तेवढ्याच उंचीचं, आणखी दोन कवळे काप. दोन्ही वेगवेगळं पातळ पसरून कडक उन्हात वाळव, मिसळू देऊ नकोस. वाळलं की दावणीत दोन ढीग लाव आणि एकेक गाय सोड. दुसऱ्या दिवशी ढिगांच्या जागा बदल, नाहीतर गाय सवयीनं एकाच बाजूला जाते आणि आपण फसतो.

कुठला ढीग आधी संपला ते कळव. आणि त्याच्या आधी, घोडीला पशुवैद्यानं काय सांगितलं ते कळव. मी पत्राची वाट बघतोय.

तुझाच,
मित्र