तिबो पिनोवरही दोन ओळी येऊ द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

दर जुलैत आपल्या पेपरात टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची बातमी येते, पण पिवळी जर्सी (म्हणजे एकूण आघाडी) कोणाकडे आणि दुसरा किती मागे एवढ्यावरच ती संपते. त्यामुळे तिबो पिनो हा फ्रेंच सायकलपटू आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नाही, कारण तो टूर कधी जिंकलाच नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

२०१२ च्या टूरमध्ये सगळ्यात लहान रायडर तोच, वय २२. पोरांत्रुईच्या स्टेजला (स्टेज म्हणजे टूरमधली एका दिवसाची शर्यत) एकटा सुटला आणि त्याच्या टीमचा बॉस मार्क मादियो मागच्या गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन घसा फाटेस्तोवर ओरडत होता, ती क्लिप मी अजूनही काढून बघतो. २०१४ ला ओव्हरऑल तिसरा, २०१५ ला आल्प द्युएझची स्टेज, २०१८ ला इटलीतली लोंबार्दिया ही एक दिवसाची शर्यत, म्हणजे जिंकलाच नाही असंही नाही हो.

पण लोकांनी त्याला जीव लावला तो २०१९ मुळे. अल्बीच्या स्टेजला आडव्या वाऱ्यात ग्रुप फुटला, हा मागे अडकला आणि १ मिनिट ४० सेकंद गेले. दुसरा कोणी असता तर खचला असता, हा पाच दिवसांत तुर्माले घाटावर सगळ्यांना मागे टाकून जिंकला. १९८५ मध्ये बेर्नार इनो जिंकल्यानंतर फ्रान्सच्या कोणाला टूर मिळालेली नाही, त्यामुळे अख्खा देश आस लावून बसलेला. आणि मग गापच्या स्टेजला पडता पडता सावरताना मांडीला मार बसला आणि दोन दिवसांनी, पाचव्या नंबरवर असताना, पहिल्याच्या फक्त १ मिनिट ५० सेकंद मागे असताना, पायच चालेना. रडत रडत पेडल मारतोय, टीममेट विल्यम बोने शेजारी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि थोड्या वेळाने हा सायकलवरून उतरून गाडीत बसतो. टीव्हीसमोर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

२०१० पासून २०२३ ला रिटायर होईपर्यंत तो एकाच टीमकडून खेळला, हे पण किती जणांना जमतं? गावाकडे राहणारा, शेळ्या पाळणारा, मोठ्या मोठ्या बाता न मारणारा माणूस. शेवटच्या टूरमध्ये विसाव्या स्टेजला रेस त्याच्याच भागातून होती, पती बालाँच्या चढावर एक अख्खं वळण चाहत्यांनी अडवून त्याला 'पिनोचं वळण' नाव दिलेलं, धुराचे रंग, नुसता आरडाओरडा, आणि त्या गर्दीतून पिनो सगळ्यांच्या पुढे एकटा वर आला. जेमतेम सायकल जाईल एवढीच वाट उरली होती. नंतर मागून आलेल्यांनी त्याला गाठलं, स्टेज आधी टूर जिंकलेल्या पोगाचारने घेतली, पण त्या वळणावरची माणसं काही पोगाचारसाठी आली नव्हती.

तेव्हा एवढीच विनंती की पुढच्या जुलैत टूरवर लिहाल तेव्हा पिनोवरही थोडं लिहा, आणि फोटो द्यायचा झाला तर त्या वळणाचाच द्या.

आपला नियमित वाचक