नवा बॉयलर घेण्यापूर्वी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तपासणीला आलेल्या माणसाने तुमच्या इंग्लंडच्या घरातला जुना गॅस बॉयलर बंद करून त्यावर 'वापरू नका' अशी चिठ्ठी चिकटवली, हे तू फोनवर अगदी सहज सांगितलेस. पण तो छोटीच्या खोलीतल्या कपाटात आहे हे आठवल्यापासून मला स्वस्थता नाही. त्याच्या जागी काय घ्यावे, एवढेच तू विचारले होतेस, आणि तेवढेच लिहायचे असे ठरवून बसलो आहे.

खोल्या आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारा काँबी बॉयलर सर्वांत स्वस्त आणि सुटसुटीत, कारण त्याला टाकी लागत नाही आणि नळ सोडला की पाणी तेव्हाच तापते. मात्र पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवायचे असेल, तर २४ किलोवॅटचा काँबी मिनिटाला जेमतेम १० लिटर पाणी देतो. वर कोणी अंघोळ करत असताना खाली भांड्यांसाठी गरम पाणी सोडले, की दोन्हीकडची धार मंदावणार. शिवाय हल्लीचे कंडेन्सिंग बॉयलर धुराबरोबर जाणाऱ्या वाफेतली उष्णता परत मिळवतात खरे, पण खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमधून परतणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच. कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये धुराड्यातून जाणारी उष्णता वाचवण्यासाठी आम्ही किती जपत असू, हे तुला ठाऊक आहे. म्हणून काँबी घेतलाच, तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान कमी ठेवून देण्यास बसवणाऱ्या माणसाला आवर्जून सांग.

नवे बॉयलर बंदिस्त असतात, जळणासाठी हवा बाहेरून घेतात आणि धूरही बाहेरच सोडतात, हे मी जाणतो. तरीही ज्योत म्हटली की कार्बन मोनॉक्साइडची शक्यता आली, आणि त्याला ना रंग असतो ना वास. शरूआत्याकडचा गॅस गिझर तू विसरली नसशील. न्हाणीघराचे दार नानांनी फोडले होते. तेव्हापासून आत्या आमच्याकडेसुद्धा दार लोटून अंघोळ करत नाही. हे लिहायचे नव्हते; तुला घाबरवल्याबद्दल क्षमा कर.

माझा कल हीट पंपाकडे आहे. घरात ज्योतच नाही, हे त्याचे पहिले कारण, आणि ते मी लपवत नाही. एक युनिट वीज घेऊन तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो आणि साधारण तीन युनिटे उष्णता घरात देतो. तुमच्याकडे विजेचे युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग आहे, ही जावईबापूंची शंका रास्त आहे, त्यामुळे बिल फार उतरेल अशी आशा धरू नका. इंग्लंडमध्ये मिळणारे ७,५०० पौंडांचे अनुदान मात्र सोडू नये. त्यासाठी बसवणारा एमसीएस या तिथल्या प्रमाणन योजनेने प्रमाणित केलेला लागतो. तुमच्या भिंती जुन्या, भरीव विटांच्या आहेत, तेव्हा प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब त्याने लेखी द्यायला हवा. पाणी ४५ अंशांच्या आसपास फिरवून खोली उबदार ठेवायची, तर काही रेडिएटर मोठे घ्यावे लागतील. अंघोळीच्या पाण्यासाठी टाकी लागेल, आणि त्या साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून ते अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापवावे लागते. हा हिशेब न करता जो नुसता आकडा सांगेल, त्याला काम देऊ नकोस.

सातवीत असताना तू कारखान्यात आली होतीस आणि बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे, गेज ग्लासकडे, बोट दाखवून, "बाबा, यातले पाणी दिसेनासे झाले तर?" असे विचारले होतेस. आमचे फोरमनसाहेब त्यानंतर कित्येक वर्षे त्या प्रश्नाची आठवण काढत आणि मला फार अभिमान वाटे. आता घराचे कर्जही तुझ्या नावावर आहे आणि निर्णयही तुमचा आहे. मी इतके सांगत सुटलो ते वयामुळे समज.

गॅसच घ्यायचा ठरले, तर येणाऱ्याचे गॅस सेफचे, म्हणजे गॅसचे काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचे, ओळखपत्र मागच्या बाजूनेही पाहा. त्याला कोणती कामे करण्याची परवानगी आहे ते तेथे लिहिलेले असते. जुन्या पाइपांतला काळा गाळ धुऊन घेतल्याशिवाय नवे यंत्र जोडू देऊ नकोस. नवी व्यवस्था येईपर्यंत छोटीला तुमच्या खोलीत झोपवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच आणा. हीट पंप घेतलात तरी स्वयंपाकाची शेगडी गॅसचीच राहणार आहे, त्यामुळे तो लागणारच. कोठे लावला ते आईला फोनवर सांग, म्हणजे मला पुन्हा विचारावे लागणार नाही.

तुझा,
बाबा