ऑपरेटर ताई, दगडावर दोन नावं आली ती तुमच्यामुळे

ऑपरेटर ताईंना सप्रेम नमस्कार,

पत्र मुद्दाम उघडं लिहितो आहे. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात तुमच्यासमोर रांग लावणाऱ्या गावानं ते वाचावं, अशी इच्छा आहे. सर्व्हर बंद पडला तरी आम्ही तुमच्यावर डाफरतो, म्हाताऱ्याचा अंगठा उमटला नाही तरी तुमच्यावरच. तुमचं मानधन महिनोन्महिने थकतं तेव्हा मात्र कोणाचा आवाज निघत नाही. तर निदान आभार तरी चारचौघांत मानावे म्हटलं.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मॅट्रिक होऊन विमानदलात गेले आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत विमान पडून वारले, एवढंच आमच्या घराला ठाऊक होतं. तार आली होती, ती उधईनं खाल्ली. तिथी माहीत नाही म्हणून आजी त्यांचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढायची. तिच्यामागं आईनं तेच केलं, मग माझ्या बायकोनं. पुण्याला शिकणारा पुतण्या एकदा खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत फिरून आला. तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या ज्या सैनिकांच्या कबरींची पुढं कायम निगा राहील याची खात्री नव्हती, त्यांना तिथं आणून ठेवलं आहे. आमचं नाव त्यात नव्हतं. असणार तरी कसं? हाडंच हाती लागली नाहीत, तर कबर कुठून येईल?

तुमच्याकडं मी फार्मर आयडीसाठी आलो होतो. सात-बारावर आजोबांच्या वारसांत एक नाव खोडलेलं दिसलं, तुम्ही विचारलं, मी सांगितलं. दुसरं कोणी असतं तर "बरं" म्हणून पुढच्याला हाक मारली असती. तुम्ही कागदाच्या पाठीवर त्यांचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि तालुका वरुड असं लिहून घेतलं आणि म्हणालात, "काका, संध्याकाळी लाइट राहिली तर पाहते."

पुढं जे केलंत ते गावाला सांगितलं पाहिजे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन नावाची संस्था १९१७ सालापासून दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं लढून मेलेल्यांची नोंद ठेवते, आणि ती यादी कोणालाही फुकट पाहता येते. तुम्ही आडनाव टाकलं, काही आलं नाही. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं असणार, हे तुमच्या लगेच ध्यानात आलं. आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग असलेली माणसं रोज हाताळणाऱ्या बाईला ते सुचणारच. नाव सोडून तुम्ही दल, साल आणि बापाचं नाव यावरून गाळत गेलात. शेवटी सापडलं. हुद्दा, नंबर, तारीख, अमक्याचा मुलगा, राहणार बेरार. गावाच्या नावातलं एक अक्षर गळालं होतं, पण गाव आमचंच.

नोंद सिंगापूरची निघाली तेव्हा घरात गोंधळ उडाला. मोठे बाबा सिंगापूरला गेलेच कधी? तुम्ही समजावून सांगितलं. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आभाळात किंवा समुद्रावर जे वैमानिक आणि विमानदलाचे जवान गेले आणि ज्यांना कबर मिळाली नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. सगळी मिळून २४,००० हून जास्त नावं, १९५७ साली खुलं झालेलं स्मारक. खांबांच्या रांगा पायदळाच्या, वरचं छप्पर विमानाच्या पंखासारखं. तिथल्या गोदीत कामाला असलेल्या तुमच्या वर्गमित्राला तुम्ही रविवारी तिकडं धाडलंत. त्यानं पाठवलेल्या फोटोत नाव खांबाच्या वरच्या अंगाला आहे आणि कोपऱ्यात त्याचा अंगठा आलेला आहे. आमच्या घरात तो फोटो अंगठ्यासकट फ्रेम करून लावला आहे.

हे नाव तिथं आहे हेही गृहीत धरायचं कारण नाही, हे मला नंतर कळलं. हुद्दा, जात, धर्म न पाहता सगळ्यांना सारखा मान, हे या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं पहिल्यापासूनचं तत्त्व. पण पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १,१६,००० जणांची नावं कुठंच कोरली गेली नाहीत, आणि त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेचे आणि इजिप्तचे होते, हे त्यांच्याच समितीनं २०२१ साली कबूल केलं. साहेबाचं समान म्हणजे किती समान, ते त्यातून दिसतं. दुसऱ्या युद्धात आमच्या माणसाचं नाव दगडावर चढलं, याचं समाधान मी मानतो. उपकार मानत नाही.

इथवरच्या कामाचेच आभार पुष्कळ झाले असते. पण खरं काम तुम्ही दगडाच्या वेळी केलंत.

शाळेच्या आवारात कडप्प्याचा दगड बसवायचा ठरला आणि गावात उत्साहाला भरतं आलं. कोणाला पुतळा हवा होता, कोणाला कमान. दात्यांची नावं मोठ्या अक्षरांत आणि मोठ्या बाबांचं त्याखाली, असाही एक मजकूर फिरला. तुम्ही तेवढ्यात ती तारीख पुन्हा यादीत टाकून पाहिली होती. त्याच दिवशी, त्याच दलातलं, त्याच स्मारकावर आणखी एक नाव निघालं. तेव्हा भारतीय विमानदलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रनकडं व्हेंजन्स नावाची अमेरिकी बनावटीची विमानं होती, नाक खाली करून सरळ सूर मारायची आणि बॉम्ब टाकायची. त्यांतल्या एका स्क्वाड्रनमध्ये मोठे बाबा होते. विमानात माणसं दोनच, पुढं वैमानिक आणि मागं गनर. ते दुसरं नाव वैमानिकाचं होतं. त्याच्या वडिलांचं गाव पंजाबात, आज पाकिस्तानात.

ग्रामसभेत तुम्ही दोन्ही नावं वाचलीत आणि एकदम गलका झाला. "आपल्या पोट्ट्याचा दगड, त्याच्यावर परक्याचं नाव काहून?" हे म्हणणारा माझाच चुलत भाऊ होता. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, "काका, विमान तो चालवत होता. मोठे बाबा त्याच्या पाठीला पाठ लावून बसले होते." मग मोबाइलवर इंग्लंडमधल्या शेफील्ड गावची गोष्ट दाखवलीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला तिथल्या एन्डक्लिफ पार्कात 'मी अमिगो' हे अमेरिकी बॉम्बर विमान कोसळलं आणि आतले दहाही जण गेले. टोनी फौल्ड्स नावाचा माणूस तेव्हा तिथं खेळणारं पोर होता. त्यानं म्हातारपणापर्यंत त्या परक्या देशाच्या दहा जणांचं स्मारक झाडलं, पुसलं, फुलं लावली. २०१९ साली, ७५ वर्षं झाली त्या दिवशी, त्याच्यासमोर त्या पार्कावरून विमानांनी सलामी दिली. तुमच्या हातातला मोबाइल पुढच्या चार खुर्च्यांपलीकडं कोणाला दिसत नव्हता, तरी मागची माणसं उठून जवळ आली. चुलत भाऊही आला. ठराव झाला. एकमतानं झाला असं मी म्हणणार नाही, पण झाला.

दात्यांची नावं दगडाच्या मागच्या बाजूला टाकायची सूचनाही तुमचीच. तुम्हाला स्वतःचं नाव मागं-पुढं कुठंच नको होतं, म्हणून ते नाही. मला ते अजून पटलेलं नाही.

आणखी एक सांगायचं राहतं, ते बायकोनं लिहायला सांगितलं आहे. तारीख हाती आल्यावर आम्ही जुनं पंचांग काढून घेतलं आणि तिथी निघाली. यंदा मोठ्या बाबांचं पान त्यांच्या तिथीला वाढलं. वडे, खीर, कढी, कोहळ्याची भाजी, सगळं होतं. त्या वैमानिक मुलाचं पान वाढायचं की नाही यावर घरात चर्चा झाली. त्यांच्यात असं काही करतात की नाही, कोणाला सांगता येईना. शेवटी बायको म्हणाली, जेवायला घालायला कोणाला विचारावं लागते? आणि तिनं वाढलं.

आता थोडं कामाचं. त्या वैमानिकाच्या घरच्यांपर्यंत दगडाचा फोटो पोहोचवता येईल का, हे तुम्ही शोधायला घेतलं आहे, असं कानावर आलं. पत्रांचा, टपालाचा, लागेल तो खर्च माझ्याकडं. केंद्रातल्या प्रिंटरची शाईही मी आणून ठेवली आहे, कारण मोठ्या बाबांचं प्रमाणपत्र रंगीत छापून, लॅमिनेशन करून दिलंत तेव्हा तुम्ही एक पैसा घेतला नाही. आणि अंबियाची संत्री उतरायला लागली आहेत. रविवारी शेतात या, सोबत आईलाही आणा. लॅपटॉप मात्र घरी ठेवा. नाही तर झाडाखालीच कोणीतरी केवायसी करायला येऊन बसेल.

तुमचा,
संत्र्याच्या बागेतला काका