‘हॉटेस्ट १००’चा वाद

महोदय,

ऑस्ट्रेलियातील ‘ट्रिपल जे’ रेडिओच्या ‘हॉटेस्ट १००’वरून, म्हणजे श्रोत्यांच्या मतांनी ठरणाऱ्या शंभर गाण्यांच्या यादीवरून, श्रोते दरवर्षी हमरीतुमरीवर येतात. खरी मेख नियमांत आहे. १९८९मध्ये कौल सुरू झाला तेव्हा कुठल्याही वर्षाचे गाणे चालत असे. झाले काय, जॉय डिव्हिजन या बँडचे एकच गाणे १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोनदा पहिले आले! शेवटी १९९३पासून फक्त सरत्या वर्षातली गाणी घेऊ लागले. श्रोत्याने दहा गाणी निवडायची. एकाच बँडची तीन गाणी गाजली की चाहत्यांची मते फुटू शकतात आणि तिन्ही खाली घसरू शकतात. २०१५मध्ये टेलर स्विफ्टसाठी इंटरनेटवर मोहीम रंगली. रेडिओ केंद्राने तिचे गाणेच बाद केले. ते योग्यच, कारण गंमत म्हणून टाकलेल्या मतांनी नवख्या बँडची जागा जाते.

– एक रेडिओप्रेमी, पुणे