मराठा सुतारासाठी हात आणि निधी हवा

नाशिककरांनो, नमस्कार.

रामशेज, चांभारलेणी, बोरगडच्या बाजूला मराठा सुतार हा सुतारपक्षी अजून दिसतो. बुलबुलाहून थोडा लहान, पाठीवर काळं-पांढरं, पोटावर लाल डाग. शेपटीचा टेकू देत खोडावर चढतो. घर कोरतो ते वाळक्या फांदीत, बहुधा खालच्या अंगाला. झाडाखाली ताजा भुसा दिसला की मान वर करून बघा.

त्याची वीण फेब्रुवारी ते जुलै. वनखात्याचा वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. म्हणजे पिलं ढोलीत असतानाच डोंगर पेटतो, आणि वाळकं लाकूड लगेच धरतं. वर अवकाळी आहेच. 2014ची गारपीट निफाडचे बागायतदार विसरलेले नाहीत. तशा वादळात किडकी फांदी आधी मोडते. उन्हाळा कडक होईल तसा बिनपानाच्या फांदीतला उकाडाही वाढणार.

धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत हा पक्षी सुरक्षित गटात आहे, त्यामुळे त्याच्या नावाने निधी मिळत नाही. मात्र पक्ष्यांवरच्या 2023च्या देशव्यापी अहवालात ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या 60 टक्के घटल्या आहेत. तो कल तुमच्याआमच्यासारख्यांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींतून निघाला. आपल्या डोंगरांवरही ठरलेल्या वाटेने दर महिन्याला मोजणी व्हायला हवी. दुर्बीण असेल त्याने या कामाला नाव द्यावं.

पैसे लागणार आहेत ते जाळरेषेसाठी, म्हणजे वणवा अडावा म्हणून गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यासाठी : विळे, ब्लोअरचं पेट्रोल, राखणीला थांबणाऱ्या गावातल्या पोरांची मजुरी. काम वनखात्याच्या परवानगीने, वनरक्षकासोबतच होईल. रोपं लावायला गर्दी होते, फोटोही निघतात. गवत कापायला मात्र माणूस मिळत नाही. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, हिशेब आमच्या मंडळाच्या बैठकीत कोणीही बघावा.

शेतकरी बंधूंना वेगळी विनंती. बांधावरची वठलेली बाभूळ कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर राहू द्या. घरावर, रस्त्यावर झुकली असेल तर खुशाल काढा, त्यात वाद नाही. गवत चांगलं येतं म्हणून काडी लावणारेही आपलेच लोक आहेत. त्यांच्याशी भांडायला कुणी येऊ नये, बोलायला यावं.

जाळरेषेचं काम डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी. मंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याला आधी कळवा. पायात बूट हवेत, पाणी आपलं आपण आणा. विळे आम्ही देऊ.